मु. पो. कार्थेज

आपल्याकडे पत्त्यात नुसतं गावाचं नाव लिहून भागत नाही. वडगाव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कोणतं वडगाव? बुद्रुक की खुर्द? तालुका कुठला, जिल्हा कुठला? अमेरिकेत बुद्रुक-खुर्द नाही. तिथे हे काम राज्याचं नाव करतं आणि १९६३ पासून त्याच्या जोडीला पाच आकडी झिप कोड आला. 'कार्थेज' हे एकच नाव घ्या. ६४८३६ म्हणजे मिझुरीतलं कार्थेज, ६२३२१ इलिनॉयमधलं, ७५६३३ टेक्ससमधलं, ३७०३० टेनेसीतलं, ३९०५१ मिसिसिपीतलं, २८३२७ नॉर्थ कॅरोलायनातलं, १३६१९ न्यूयॉर्क राज्यातलं, ५७३२३ साउथ डकोटातलं. इंडियाना आणि आर्कान्सामधली वेगळीच. सगळी छोटी गावं. मिझुरीतल्या गावाची वस्ती पंधरा हजारांच्या वर आहे, ते यांच्यातलं थोरलं. डकोटातल्या गावात दीडशे माणसंही नाहीत.

पत्र किंवा पार्सल चुकतं ते बहुतेक दोन अक्षरी संक्षेपांमुळे. 'एम एस' म्हणजे मिसिसिपी आणि 'एम ओ' म्हणजे मिझुरी, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात राहत नाही. मिझुरीत दोन 'एस' आहेत, म्हणून हात आपसूक 'एम एस' लिहून मोकळा होतो. कार्थेज दोन्हीकडे असल्याने गावाचं नाव बघून चूक पकडण्याची सोय उरत नाही. तेव्हा अशा गावाला काही पाठवायचं तर आधी झिप कोड मिळवावा आणि राज्याचं नाव पूर्ण लिहावं. आणखी एक बारीक गोष्ट: तिकडे उच्चार 'कार्थिज' असा होतो. आपण 'कार्थेज' लिहितो, लॅटिनमध्ये 'कार्थागो' होतं. फोनवर 'थेज' म्हटलंत तर पलीकडचा माणूस क्षणभर थांबेल.

एका राज्यात या नावाचं पोस्ट ऑफिस एकच, कारण एका राज्यात एकाच नावाची दोन टपाल कार्यालयं असली की टपालखात्याला नको तो ताप. नाव घेतलेलं असेल तर दुसऱ्या गावाला दुसरं शोधावं लागे. म्हणूनच ही कार्थेजं विखुरलेली आहेत, एका राज्याच्या वाट्याला एक.

आता प्रश्न असा, की जंगल तोडून लाकडी खोपटी बांधणाऱ्या लोकांना ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरचं, रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये जाळून टाकलेलं शहर आठवलं कसं? सोपं उत्तर हे, की तेव्हाच्या शिकलेल्या अमेरिकन माणसाला लॅटिन येत असे आणि नव्या प्रजासत्ताकाला ग्रीस-रोमची हौस होती. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना वाटायला काढलेल्या जमिनीत हा षोक फारच बळावलेला दिसतो. एकूण २८ टाउनशिपा, प्रत्येकीत सहाशे-सहाशे एकरांचे शंभर तुकडे, आणि नावं होमर, व्हर्जिल, सिसेरो, रोम्युलस. त्याच यादीत कार्थेजचा सेनापती हॅनिबल आहे, त्याला हरवणारा रोमन सेनापती स्किपिओ आहे आणि 'कार्थेज नष्ट झालंच पाहिजे' असा धोशा लावणारा केटोही आहे. ज्या ओनोंडागा आणि कायुगा लोकांची ती भूमी होती, त्यांनी तिला दिलेली नावं मोजणीच्या नकाशावर फारशी आली नाहीत.

पण कार्थेजांच्या बाबतीत हे उत्तर अर्धंच खरं आहे. टेनेसीतलं कार्थेज १८०४ चं, केनी फोर्क नदी कंबरलँडला मिळते त्या संगमावरचं. तिथून एक घराणं मिसिसिपीत गेलं, मोठी जमीन धरून बसलं, आणि १८३४ मध्ये तिथे गाव वसलं तेव्हा त्याला मागे सोडलेल्या गावाचं नाव मिळालं. १८४८ मध्ये टेक्ससच्या पनोला काउंटीला (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) नवं मुख्य ठिकाण हवं होतं. ते आखलं गेलं, आणि त्याला नाव दिलं मिसिसिपीतल्या कार्थेजवरून. म्हणजे टेक्ससचं कार्थेज हे प्राचीन नगरीचं पणतवंड म्हणायचं. तिकडे न्यूयॉर्कमधून निघालेल्या माणसांनी साउथ डकोटाच्या माळावर तेच केलं. यांतल्या कोणाला हॅनिबलची आठवण काढायची नव्हती. आपल्या गावची आठवण काढायची होती. नाव ट्रंकेत भरलेल्या पितळेच्या डब्यासारखं बरोबर आलं. त्यावर मुळात कोणाचं नाव कोरलंय, हे बघायला सवड कोणाला?

आणि इथेच गंमत आहे. फिनिशियन भाषेत त्या मूळ शहराचं नाव होतं 'कार्त हदश्त'. 'कार्त' म्हणजे नगर आणि 'हदश्त' म्हणजे नवं. सरळ मराठीत नवेगाव. लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायरमधून निघालेल्या लोकांनी आफ्रिकेत वसवलेलं नवं गाव. परंपरेने त्याचं साल इसवी सनापूर्वी ८१४ धरतात. पुढे कार्थेजच्या लोकांनी स्पेनमध्ये ठाणं वसवलं आणि त्यालाही तेच नाव दिलं. रोमनांनी गोंधळ टाळायला त्याला 'नवं कार्थेज' म्हटलं, म्हणजे नवं नवेगाव. तेच आजचं कार्ताहेना. मग स्पॅनिश लोकांनी १५३३ मध्ये कोलंबियाच्या किनाऱ्यावर दुसरं कार्ताहेना वसवलं. आपल्याकडे गोंदियात नवेगाव आहे, नंदुरबारात नवापूर आहे. उठून दुसरीकडे गेलेल्या माणसाला सुचणारं हे सर्वांत साधं नाव. टेनेसी-मिसिसिपी-टेक्ससच्या साखळीत ते तीनदा फिरलं आणि एकदाही त्याचा अर्थ कोणाला कळण्याची गरज पडली नाही. अर्थ मात्र दर वेळी तंतोतंत लागू होता.

त्या पहिल्या नवेगावाची जमीन मिळवण्याची गोष्टही मोजणीची आहे. राणी डायडोने बैलाच्या एका कातड्यात मावेल इतकीच जागा मागितली. होकार मिळाल्यावर कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक वाद्या कापल्या, जोडल्या आणि त्यांनी आख्खी टेकडी वेढली. अमेरिकेत कातड्याऐवजी गुंटरची साखळी आली: लांबी ६६ फूट, कड्या १००. ऐंशी साखळ्यांचा मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सातबारा वाचणाऱ्याला मिझुरीचा जुना दस्तऐवज परका वाटायचं कारण नाही.

साखळीने चुका कशा होत, हे जुने मोजणीदार बरोबर ओळखून असत. शंभर कड्या आणि मधल्या छोट्या रिंगा, म्हणजे शेकडो सांधे. प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी साखळी इंचभर लांबते. लांबलेली साखळी कमी वेळा बसते, म्हणून कागदावर जमीन खरी असते त्यापेक्षा कमी दिसते. उतारावर साखळी जमिनीसरशी टेकवली तर उलटं: अंतर जास्त भरतं. त्यासाठी उतारावर अर्धीच साखळी आडवी धरून, ओळंबा सोडून, पायरीपायरीने मोजायची असते. घाईत हे कोणी करत नसे, आणि मग दोन शेजाऱ्यांची नातवंडं कोर्टात उभी राहत.

गाव वसायचं कसं, तर आधी कागदावर. राज्याचं विधिमंडळ नवी काउंटी काढी. मुख्य ठिकाण शक्यतो मधोमध धरायचं, म्हणजे घोड्यावरून येणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाउजेडी परतता यावं. एखादा जमीनदार थोडी जमीन फुकट देई, कारण गाव झालं की उरलेल्या जमिनीचा भाव चढणार हे त्याला कळत असे. मग आराखडा काढायचा: मधला चौक कोर्टासाठी मोकळा, भोवती चार रस्ते, त्यांच्या कडेने दुकानांचे अरुंद प्लॉट, मागे घरांचे रुंद. प्लॉटांचा लिलाव व्हायचा, थोडी रक्कम रोख आणि बाकी हप्त्याने. त्या पैशातून ओंडक्यांचं कोर्ट आणि तुरुंग. या साऱ्या व्यवहारात फुकट मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे नाव. म्हणून ते भारदस्त निवडायला कोणाची हरकत नसे. गाव फसे ते इतर कारणांनी. पनोला काउंटीचं आधीचं मुख्य ठिकाण पुलास्की होतं. कचेरी कार्थेजला गेली आणि पुलास्की नकाशावरून पुसलं गेलं. (पनोला हा मूळ रहिवाशांच्या भाषेतला कापसासाठीचा शब्द. काउंटीचं नाव इथल्या मातीचं आणि तिच्या मुख्य गावाचं भूमध्य समुद्रापलीकडचं, ही जोडी अमेरिकेत जागोजाग भेटते.) टेक्ससच्या या कार्थेजबाहेर जिम रीव्ह्जची समाधी आहे. तो याच काउंटीतला. १९६४ च्या जुलैत विमान अपघातात गेला. रेडिओवर त्याची संथ गाणी ऐकत वाढलेली पिढी आपल्याकडे, विशेषतः गोव्यात, अजून आहे.

मिझुरीतल्या कार्थेजने मात्र नाव फार मनावर घेतलं. १८४२ मध्ये वसलेलं गाव. ५ जुलै १८६१ रोजी इथे अमेरिकन यादवी युद्धातली लढाई झाली, त्या युद्धातल्या बुल रनच्या पहिल्या मोठ्या लढाईच्याही आधी. एका बाजूला केंद्र सरकारकडून लढणारा फ्रान्झ सिगेल आणि त्याचे सुमारे अकराशे सैनिक, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडे झुकलेला राज्याचा गव्हर्नर क्लेबॉर्न जॅक्सन स्वतः आणि त्याची सहाएक हजार माणसं, त्यांतल्या दोनेक हजारांच्या हातात हत्यारच नव्हतं. सिगेल हा जर्मनीतल्या १८४८ च्या उठावातून परागंदा झालेला. तो दिवसभर लढत-लढत मागे हटला. १८६३ मध्ये कोर्टाची इमारत जळली आणि १८६४ च्या सप्टेंबरात गनिमी टोळ्यांनी उरलेलं गावही पेटवून दिलं. कार्थेज दुसऱ्यांदा राख झालं. मूळ कार्थेजच्या जमिनीत रोमनांनी मीठ पेरलं, ही कथा मात्र कुठल्याच प्राचीन लेखकाने सांगितलेली नाही. ती पुष्कळ नंतरची भर आहे.

पुन्हा उभं राहिलेलं हे गाव दगडावर जगलं. त्या दगडाचं बाजारातलं नाव 'कार्थेज मार्बल', आणि तो संगमरवर नाही. तो चुनखडक आहे, राखाडी, घट्ट. संगमरवर होण्यासाठी चुनखडक जमिनीच्या पोटात तापून-दबून नव्याने स्फटिकावा लागतो. इथे तसं घडलेलं नाही. पण दाणा इतका बांधीव, की त्याला उत्तम पॉलिश चढतं, आणि ज्याला पॉलिश चढतं त्याला दगडाचे व्यापारी संगमरवर म्हणून मोकळे होतात. ओळखायचं असेल तर आम्लाचा थेंब टाकून उपयोग नाही, दोन्ही सारखेच फसफसतात. भिंग घेऊन पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर बारीक गोल चकत्या शोधाव्यात. ते समुद्री जीवांच्या देठांचे तुकडे. खऱ्या संगमरवरात पुनःस्फटिकीभवनात त्यांची खूण मिटून जाते. दगडातून जाणाऱ्या काळपट, दातेरी रेघाही बघाव्यात. दाबाखाली चुना विरघळून गेला आणि न विरघळणारा गाळ मागे राहिला, त्या या रेघा.

बांधकामात पथ्य एकच, पण ते मोडलं की भरपाई नाही: खाणीत थर जसा आडवा होता, तसाच चिरा भिंतीत आडवा बसला पाहिजे. दिसायला छान म्हणून उभा बसवला, तर थरांच्या कडा वर उघड्या पडतात, पाणी आत उतरतं, मिझुरीच्या हिवाळ्यात त्याचं बर्फ होतं आणि दगडाचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटायला लागतात. १८९४-९५ मध्ये बांधलेलं गावातलं कोर्ट, बुरुजांचं आणि किल्ल्यासारखं, याच दगडाचं आहे. जेफरसन सिटीतलं राज्याचं विधानभवनही बाहेरून याच दगडाचं. दगड काढून झाल्यावर पोकळ राहिलेल्या भूमिगत खाणींत आता शीतगृहं आहेत. जमिनीखाली उन्हाळा-हिवाळ्याचा फरक पोचत नाही, म्हणून थंडावा टिकवायला वीज कमी लागते. आणि १९७५ नंतर इथे व्हिएतनाममधून परागंदा झालेल्या कॅथलिक धर्मगुरूंचा मठ आला. दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या त्यांच्या मेळ्याला देशभरातून हजारो व्हिएतनामी कुटुंबं येतात, आणि त्या चार दिवसांत गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं गावात असतात. नवेगावाला नवी माणसं आली, एवढंच.

इलिनॉयच्या कार्थेजचं नाव एका संध्याकाळीशी कायमचं जोडलं गेलंय. २७ जून १८४४. दगडी तुरुंगाच्या वरच्या मजल्यावर मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम कैदेत होते. तोंडं काळी केलेला जमाव जिना चढून आला, दारातून गोळ्या झाडल्या. हायरम खोलीतच पडला, जोसेफ खिडकीतून खाली. जोसेफ वाढला होता न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळ. पाल्मायरा आणि कार्थेज, दोन्ही नावं रोमने धुळीला मिळवलेल्या शहरांची. अशा योगायोगातून अर्थ काढायचा मोह आवरावा, पण तो एकदा तरी लक्षात यावाच. या गावाचं कॉलेज १९६२ मध्ये उठून विस्कॉन्सिनमधल्या केनोशाला, मिशिगन सरोवराच्या काठी गेलं. नाव बरोबर नेलं. कार्थेज कॉलेज आज कुठल्याच कार्थेजमध्ये नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्थेजला मध्यंतरी काही वर्षं फॅगन्सव्हिल म्हणत, मग जुनं नाव परत आलं. इथे टायसन अँड जोन्स हा बग्गीचा कारखाना होता, भरभराटीच्या दिवसांत वर्षाला सुमारे ३,००० बग्ग्या काढणारा. बग्गीचं चाक म्हणजे आपल्या बैलगाडीच्या चाकाचा सडपातळ भाऊ. तुंबा (मधला गाभा), आरे, पुठे (घेराचे लाकडी तुकडे), धाव (वरची लोखंडी पट्टी), सगळं तेच. फरक लाकडात आणि पुठ्यांत. आपल्याकडे बाभळीचे पाच-सहा पुठे कापून, खुंट्यांनी जोडून घेर करतात. बग्गीचा घेर हिकरी या तिथल्या झाडाच्या लाकडाची पट्टी वाफेवर मऊ करून वाकवलेल्या दोनच अर्धवर्तुळांचा. हिकरी चिवट, बारीक आराही वाकतो पण तुटत नाही.

खरी कसोटी धाव चढवण्याची. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर दीडशे इंचांच्या आसपास. लोखंडी धाव त्याहून किंचित आखूड घेराची वळवायची. चारशे अंश सेल्सिअसने तापली की ती पाऊण इंचाच्या जवळपास वाढते, तेवढ्यात चाकावर उतरवायची, ठोकून सारखी करायची आणि ताबडतोब पाणी मारायचं. उशीर झाला की पुठे जळतात आणि जळालेल्या लाकडाच्या जागी पुढे फट पडते. आकसताना धाव साऱ्या सांध्यांना आवळते. फार आखूड धरली, तर आरे एका बाजूला दबून चाकाला बशीसारखी खोली जास्त येते आणि ते वळणावर डगमगतं. सैल राहिली, तर कोरड्या हवेत लाकूड आकसून धाव निसटते. मग शेतकरी चाक रात्रभर ओढ्यात बुडवून ठेवतो. फुगलेलं लाकूड धाव धरतं, पण दोन-चार दिवसच. आपल्याकडेही हीच तोड होती आणि तीही तितकीच तात्पुरती. मोटारी आल्या आणि १९२५ मध्ये कारखाना बंद झाला. दर मे महिन्यात गाव बग्गीचा उत्सव भरवतं.

न्यूयॉर्कचं कार्थेज ब्लॅक नदीच्या धबधब्यांवर आहे. आधीचं नाव लाँग फॉल्स. समोरच्या काठावर वेस्ट कार्थेज, म्हणजे आपलं खुर्द. १८८४ च्या आगीत याचाही मोठा भाग जळाला. नावाचा दोष नव्हे. लाकडी गिरण्या, लाकडी घरं आणि वारा, एवढं पुरतं.

एक कार्थेज यादीत सांगायचं राहिलं, कारण त्याला आता स्वतंत्र अस्तित्व नाही. ओहायोत एक कार्थेज होतं. शेजारी वाढत चाललेलं शहर होतं सिनसिनाटी. नांगर टाकून रोमच्या मदतीला धावलेल्या सिनसिनाटस या रोमन पुढाऱ्याच्या नावाने निघालेल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेवरून १७९० मध्ये त्याचं नाव पडलं. १९११ मध्ये सिनसिनाटीने कार्थेज आपल्या हद्दीत घेतलं. या वेळी लढाई झाली नाही. ठराव झाला, नळ आले, आणि पत्त्यात कार्थेजच्या जागी सिनसिनाटी लिहायला लागले.